चौकटचा गुलाम आणि चार खाटा

उद्या पहाटे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार आणि आज दुपारी काउंटीच्या अंदाजपत्रकाची सभा, हा घोळ कुणी घातला ते बर्डॉक काउंटीत कुणालाच सांगता येत नव्हतं. शिव्या मात्र सगळे अध्यक्षाला घालत होते. अध्यक्ष रोली क्यून त्या मुकाट्याने खात होता, कारण जंगलातल्या खोपटात त्याचा मेहुणा शेगडी पेटवून बसला होता आणि खुद्द त्यालाही कुणाला तरी शिव्या घालायच्याच होत्या. सभा भरायची त्या कोर्टाच्या इमारतीबाहेर पिकअप गाड्या निघायच्या तयारीत उभ्या होत्या. मागे अंथरुणं, बिअरची खोकी, बटाट्यांची पोती. काउंटीचा कारभार चालवणाऱ्या बोर्डाचे निम्मे सदस्य शिकाऱ्यांची भडक नारिंगी जाकिटं चढवूनच खुर्च्यांवर येऊन बसले होते आणि सभागृहभर बंदुकीच्या तेलाचा वास होता.

आर्लिस झॅस्ट्रो तेवढी साध्या स्वेटरमध्ये होती. तिने जन्मभर शाळेची बस चालवली होती, आणि मागे पोरांचा गोंधळ चाललेला असताना रस्त्यात आडव्या येणाऱ्या हरणांना चुकवण्यात तिची हयात गेली होती; आता मुद्दाम त्यांच्या मागे धावण्यात तिला काही गंमत वाटत नव्हती. बोर्डावर ती आली तीही न ठरवता. तिच्या भागातून निवडणुकीला कुणीच उभं राहिलं नाही, शेजारणींनी मतपत्रिकेवर हाताने तिचं नाव लिहिलं, आणि बाईंना ही बातमी दुकानात कांदे निवडताना कळली. "मला विचारलंत का कुणी?" असं ती म्हणाली खरी, पण कांदे घेऊन घरी जाताना तिच्या डोक्यात भाऊ आला आणि तिने होकार कळवून टाकला. झॅस्ट्रो हे आडनाव लग्नातलं, इंग्रजी वर्णमालेच्या अगदी तळाचं. नवरा गेला, आडनाव राहिलं, त्यामुळे बोर्डाच्या हजेरीत ती शेवटची आणि मतदानातही शेवटची.

भाऊ तेवढ्यात आलाच. व्हर्लिनची पन्नाशी उलटली होती, पण दारातून आत यायचा तो घरातलं शेंडेफळ असल्यासारखा. त्याच्या दोन्ही हातांवर ट्रे होते, मागे त्याच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरची टोळी, आणि त्यांच्याही हातांत ट्रे. भोपळ्याच्या वड्या, सफरचंदाच्या वड्या, चॉकलेटच्या, खजुराच्या. कॉफीचं टेबल भरलं, मग खिडकीचा कट्टा भरला, मग त्याने उरलेला ट्रे झेंड्याच्या पायाशी नेऊन ठेवला.

"अरे, हे काय? कुणाचं लग्न काढलंस?" आर्लिस म्हणाली.

"तोंडात वडी असली की माणसाला 'नाही' म्हणता येत नाही," व्हर्लिन म्हणाला. "शास्त्र आहे त्यामागे."

"एवढं भाजलंस कधी?"

"रात्री."

"मग झोपलास कधी?"

"बसमधल्या पोरांचीसुद्धा अशीच उलटतपासणी घ्यायचीस का गं? घे, खजुराची घे. तुझ्यासाठी केलीय." त्याने वडी तिच्या तोंडातच कोंबली. तिला हसू आलं, आणि पुढचा प्रश्न वडीबरोबर पोटात गेला.

आजचं मतदान होतं चार खाटांवर. शेजारच्या गावात तळ्याकाठी सेंट वॉलबर्गा नावाचं नन्सचं रुग्णालय आहे, गाडीने अर्ध्या तासावर. त्याच्या मानसोपचार विभागातल्या चार खाटा बर्डॉक काउंटीने करार करून राखून ठेवल्या होत्या. कुणी झोपो न झोपो, वर्षाचे पैसे काउंटीने भरायचे. बदल्यात काउंटीतल्या कुणाचंही मन जागेवरून हललं तर त्याला तिथे जागा नक्की. जुना करार गेल्या महिन्यातच संपला होता. नवा होईपर्यंत नवीन माणूस घ्यायचा नाही, अशी तिथल्या हिशेबनिसांची ताकीद होती. रुग्णालय सांभाळणाऱ्या सिस्टर रोझव्हिता यांनी मात्र आपल्या शब्दावर खाटा आज संध्याकाळपर्यंत थांबवल्या होत्या. त्यानंतर त्या खाटा पलीकडच्या काउंटीला जाणार होत्या, आणि ती काउंटी टपूनच बसली होती.

करार नव्हता तेव्हाचा एक फेब्रुवारी आर्लिसच्या मनातून जात नव्हता. व्हर्लिनची झोप उडाली होती आणि तो भर बर्फात शिडी लावून शेजाऱ्याच्या धान्याच्या कोठारावर सूर्य रंगवत होता. त्याला उतरवला, पण न्यायचा कुठे? जवळ जागाच नव्हती. शेवटी शेरीफच्या पोलिसाने त्याला बेड्या घातल्या आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला सरकारी रुग्णालयात नेलं. बेड्यांशिवाय गाडीत बसवायचं नाही असा नियम होता. बेड्या घालणारा व्हर्लिनच्याच वर्गातला. तो बिचारा रडत होता आणि व्हर्लिन त्याला हसवायला बघत होता. तिथून तो बरा होऊन आला, पण नंतरचा सगळा उन्हाळा कुणाशी बोलला नाही. पत्ते खेळायला बसायचा तरी मान खाली. लहानपणी "याला जरा गप्प कर गं" म्हणून आई जिच्या मागे लागायची, त्या आर्लिसला त्याचं ते गप्प बसणं बघवत नव्हतं.

पुढे करार झाला. त्यानंतर दोनदा त्याचं मन हललं, दोन्ही वेळा तो स्वतःची बॅग भरून आर्लिसच्या गाडीतून तळ्याकाठी गेला आणि नन्सचे किस्से घेऊन परत आला. एवढंच तिला हवं होतं. बाकीचं अंदाजपत्रक म्हणजे तिच्या लेखी बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ आणि फुटक्या मोऱ्या.

बोर्डावर नऊ जण; पाच मतं हवीत. फोन करकरून आणि कॉफी पाजपाजून आर्लिसने पाच जमवली होती. त्यातलं पाचवं होतं डेल्मर विट्टेचं, आणि डेल्मरकडे गाई होत्या. गाईंना अंदाजपत्रक कळत नाही, त्यांना दूध काढायची वेळ कळते. "तुमच्या खाटांचा विषय पत्रिकेत शेवटून दुसरा आहे ना?" डेल्मर म्हणाला होता. "तोवर माझं दूध काढून होतं. मी पोचतो." त्याचा फोन त्याच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी पडलेला असायचा आणि तो स्वतः गोठ्यात, त्यामुळे त्याला घाई करायला सांगण्याची सोयच नव्हती.

आणि नेमकं रोलीने हातोडा आपटून सांगितलं, "मंडळी, सगळ्यांनाच निघायचंय. ज्याच्यावर भांडण व्हायचंय तो विषय आधी घेऊ, बाकीचे काय, सरसर उरकतील. खाटांचा करार पहिला."

"अध्यक्ष महाराज, माझी हरकत आहे," आर्लिस उठून म्हणाली. "डेल्मर यायचाय."

"डेल्मर येईपर्यंत हरणं म्हातारी होतील," लेस्टर ग्रूब म्हणाला. सगळी नारिंगी जाकिटं खदखदली, आणि तिची हरकत तिथेच संपली.

लेस्टर म्हणजे खाटांचा जुना वैरी. वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या खिशातून पैसे काढतानाही तो इतकाच कळवळायचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी रुग्णालयात स्वतः जाऊन बघून आलो. चारातल्या तीन खाटा रिकाम्या. चादरी घातलेल्या, उशा ठेवलेल्या, आणि वर कुणी नाही. आपण रिकाम्या खाटांना पैसे देतोय, मंडळी. मला त्या बघून रडू यायचं बाकी होतं. तेवढ्या पैशांत बर्फ काढायची नवी गाडी येते."

"आणि मग बर्फ पडला नाही तर गाडी बघूनही रडणार का?" आर्लिसने विचारलं.

"बर्फ पडणार नाही? इथे?" लेस्टरने खरोखर घाबरून खिडकीकडे पाहिलं.

मतदान सुरू झालं. कारकून जोलीन एकेक नाव घेऊ लागली. आर्लिस बोटांवर मोजत होती. हो. नाही. नाही. हो. नाही. हो. नाही. आता फक्त ती उरली होती. तीन हो, चार नाही. ती हो म्हणाली तर चाराला चार, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो.

शाळा सुटायची वाट बघत बसमध्ये बसलेली असताना, बोर्डावर आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात आर्लिसने सभेचं नियमपुस्तक वाचून काढलं होतं. हातात दुसरं वाचायला काही नव्हतं, एवढंच. त्यातला एक नियम तिला तेव्हा फार खट्याळ वाटला होता. झालेल्या मतदानाचा त्याच सभेत फेरविचार करता येतो, पण तशी सूचना जिंकलेल्या बाजूच्याच कुणीतरी मांडायची. हरलेल्याला ते दार उघडता येत नाही. तिचे तिघेही सोबती हो म्हणून मोकळे झाले होते. दार उघडायला आता एकच हात शिल्लक होता.

"झॅस्ट्रो?" जोलीनने विचारलं.

"नाही," आर्लिस म्हणाली.

जोलीनचं पेन थांबलं. लेस्टरचं तोंड उघडं पडलं. तिच्या तिघा सोबत्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, आणि त्यातल्या एकाने हातातली वडी खाली ठेवली. आर्लिसला त्यांची पर्वा नव्हती. ती प्रेक्षकांच्या बाकाकडे बघत होती. व्हर्लिन हसतच होता, पण त्या हसण्यात आता कुणी नव्हतं. उठावं आणि सरळ ओरडून सांगावं असं तिला वाटलं, पण ओरडली असती तर लेस्टरलाही कळलं असतं आणि सगळे उठून चालते झाले असते.

तिने डावी भुवई खाजवली.

आता इथे पत्त्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे शीपहेड खेळतात. त्यात डाव उचलणाऱ्याला एक जोडीदार असतो, पण तो कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. ज्याच्या हातात चौकटचा गुलाम, तो जोडीदार. आणि तो पत्ता टेबलावर पडेपर्यंत पठ्ठ्या शत्रूसारखाच खेळत राहतो. नेहल्सांच्या घरात, म्हणजे या दोघांच्या बापाच्या घरात, पोरं त्यातही लबाडी करायची. डावी भुवई खाजवली की समजायचं, गुलाम माझ्याकडे आहे, तू चिंता करू नकोस. बापाने ही खूण मरेपर्यंत ओळखली नाही. त्याला वाटायचं पोरीला खरूज आहे.

व्हर्लिनने भुवईकडे पाहिलं. मग आर्लिसकडे, मग दाराकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. गोठ्यातलं दूध काढून व्हायला किती वेळ लागतो हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या घशात वडी अडकली, तो खोकला, आणि खोकता खोकता इतका हसायला लागला की पत्त्यांच्या टोळीतली गर्टी पॉप, गावातल्या गुत्त्याची मालकीण, त्याची पाठ थोपटू लागली. मग ती दोघं कुजबुजली. मग टोळीतला म्हातारा मिलार्ड न्हावी कुजबुजला. बाकावर सगळी डोकी एकत्र आली.

आर्लिसने खुर्ची पुढे ओढली. आता सभा लांबवायची होती, आणि तिला एकदम हलकं वाटायला लागलं.

पुढचा विषय मोऱ्यांचा. "अध्यक्ष महाराज, कुठली मोरी फुटलीय नेमकी?" तिने विचारलं. रस्ते खात्याच्या माणसाने सांगितलं. "ती गोल का चौकोनी?" गोल. "आणि तिच्यातून पाणी कुठल्या बाजूला जातं?" त्याने उताराच्या बाजूला जातं म्हणून सांगितलं. "नेहमीच?"

"आर्लिस," रोली म्हणाला, "तुला बरंबिरं नाही का?"

"जनतेचा पैसा आहे, रोली. मी आत्ताच पैसे वाचवणाऱ्यांच्या बाजूने मत दिलंय. आता सगळंच नीट बघणार मी."

लेस्टरची जन्मभराची शिकवण एका बाईला एका दुपारीत लागू पडली होती, आणि ती आता मिठाच्या पोत्यांबद्दल विचारत होती. मीठ जाड का बारीक. मग जत्रेतल्या डुकरांच्या शेडचं छप्पर. डुकरांना कौलं आवडतात का पत्रा, हे कुणी बघितलंय का. डुकरांच्या शेडवर तिने एक दुरुस्ती मांडली, तिला स्वतःच विरोध केला आणि ती मागे घेतली. तिच्या तिघा सोबत्यांपैकी एकीला, ग्रंथपाल असलेल्या बाईला, आता काहीतरी उमगलं. तिने नियमपुस्तक हळूच चाळलं, एका पानावर थांबली, आणि मग शेडच्या नाल्यांबद्दल तिलाही शंका सुचू लागल्या.

तरी विषय संपलेच. खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला होता. रोलीने हातोडा उचलला.

"जनतेचं म्हणणं राहिलंय," जोलीन म्हणाली.

हा बर्डॉक काउंटीचा जिव्हाळ्याचा नियम. सभेच्या शेवटी ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं, आणि ती द्यावीच लागतात; त्याशिवाय सभा बरखास्त होत नाही. रोलीच्या आधीच्या अध्यक्षाने एकदा एका म्हातारीला दोन मिनिटांत खाली बसवलं होतं, तर पुढच्या निवडणुकीत त्याला त्याच्या बायकोनेही मत दिलं नाही असं म्हणतात.

"कुणाला बोलायचं नसेलच," रोली आशेने म्हणाला.

पत्त्यांची टोळी एकामागून एक माइकसमोर रांग लावून उभी राहिली.

गर्टीने आपल्या गुत्त्यातल्या शुक्रवारच्या तळलेल्या माशांचं पीठ कसं भिजवतात ते सांगितलं, आणि वेळ संपत आली तेव्हा म्हणाली, "बिअर किती घालायची ते मात्र सांगणार नाही." तीन सदस्यांनी आपणहून तिला वेळ वाढवून द्यायची मागणी केली. मिलार्ड न्हाव्याने अध्यक्षाच्या डोक्यावर पहिल्यांदा टक्कल दिसलं तो दिवस वर्णन केला. एका बाईने आपली मांजर हरवल्याचं सांगितलं, मांजर सापडल्याचं सांगितलं, आणि मध्ये काय घडलं तेही सांगितलं. नारिंगी जाकिटं आधी कण्हत होती, मग हसायला लागली, आणि हसता हसता वड्या खायला लागली. लेस्टरने भोपळ्याच्या दोन घेतल्या.

शेवटी व्हर्लिन माइकसमोर आला.

"मी व्हर्लिन नेहल्स," तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखता. काहींनी मला शिडीवरून उतरवलंय." लोक हसले. "मला लेस्टरच्या मचाणाबद्दल बोलायचंय. हरणांसाठी बांधलेलं मचाण. सुंदर मचाण आहे. त्याला छप्पर आहे, गालिचा आहे, कॉफी ठेवायला फळी आहे. वर्षभर रिकामं असतं, मंडळी. मी स्वतः जाऊन बघून आलो. गालिचा अंथरलेला, आणि वर कुणी नाही. मला रडू यायचं बाकी होतं."

सभागृह फुटलं. रोलीने डोळे पुसले.

"आणि दर उन्हाळ्यात हा त्याचं छप्पर बदलतो. का रे, लेस्टर? नऊ दिवसांच्या हंगामासाठी? कारण हंगाम आला त्या दिवशी मचाण हवं. त्या दिवशी झाड शोधून चालत नाही." तो भरभर बोलत होता, हात उडत होते, डोळे चमकत होते. "आणि मी काय म्हणतो, गालिचाचा रंग हिरवा का? हरणाला रंग दिसतो का? मी यावर विचार केलाय, बराच विचार केलाय, काल रात्रभर—"

"झालं," लेस्टर तांबडा होऊन म्हणाला. "बघा, हा परत सुटलाय."

हसणं थांबलं. आर्लिसच्या हातातलं पेन निसटून टेबलावर घरंगळलं. एक क्षण तिलाही कळेना की हा विनोद आहे की भावाचा तो जुना आजार.

व्हर्लिन माइकवर वाकून म्हणाला, "लेस्टर, आजारी असलो ना, की मला जगातला प्रत्येक माणूस आवडतो. तूसुद्धा. आज अजून आवडत नाहीयेस. तेव्हा निर्धास्त राहा."

परत उसळलेल्या हशात दार उघडलेलं कुणी ऐकलं नाही. वास मात्र सगळ्यांना आला. दारात डेल्मर विट्टे उभा होता, गोठ्यातल्या बुटांसकट, टोपीवर कोंडा, आणि सगळे त्याच्याकडे असे बघत होते की त्याने मागे वळून बघितलं.

"उशीर झाला का?" तो म्हणाला. "एक कालवड नाटक करत होती."

"अगदी वेळेवर आलास, बैस," आर्लिस म्हणाली आणि उठली. "अध्यक्ष महाराज, खाटांच्या कराराचा फेरविचार व्हावा, अशी मी सूचना मांडते."

"माझं अनुमोदन," ग्रंथपाल बाई इतक्या झटकन म्हणाल्या की डेल्मर अजून बसलाही नव्हता.

"हे कसं चालेल?" लेस्टर म्हणाला. "तू तर नाही म्हणालीस!"

"म्हणून तर चालेल, बाबा."

लेस्टरने जोलीनकडे पाहिलं. जोलीनने मान डोलावली. "जिंकलेल्या बाजूचाच माणूस लागतो," ती म्हणाली. लेस्टरने मग आर्लिसकडे, मिठाच्या पोत्यांकडे आणि डुकरांच्या छपराकडे मनातल्या मनात एकदा परत नजर टाकली असावी, कारण त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि शेवटी, कुणालाच अपेक्षा नसताना, त्याला हसू फुटलं. "मला वाटलं होतं तुला अक्कल आली," तो म्हणाला.

फेरविचार मंजूर, पाचाला चार. करार मंजूर, पाचाला चार. जोलीनने तिथूनच सिस्टर रोझव्हितांना फोन लावला, आणि त्या पलीकडून जे काही म्हणाल्या त्यावर जोलीन नुसती "हो सिस्टर, हो सिस्टर" करत राहिली. रोलीने हातोडा आपटायच्या आत निम्मं बोर्ड जिन्यात होतं.

बाहेर हवा चांगलीच बोचरी झाली होती. पिकअप गाड्या भोंगे वाजवत निघाल्या, आणि व्हर्लिन प्रत्येक खिडकीतून उरलेल्या वड्या आत ढकलत धावत होता. लेस्टरच्या गाडीपाशी तो थांबला, त्याला अख्खा ट्रे दिला, खिडकीतून वाकून मिठी मारली, आणि त्याच्या मेलेल्या कुत्र्याची इतकी आस्थेने चौकशी केली की लेस्टर गाडी सुरू करायचं विसरला.

आर्लिस आपल्या गाडीपाशी उभी राहून हे बघत होती, आणि हसता हसता तिचं हसू कमी होत गेलं. व्हर्लिन परत आला. त्याच्या जाकिटाची बटणं उघडी होती आणि त्याला थंडी वाजत नव्हती.

"आर्ली," तो म्हणाला, "मला लेस्टर आवडायला लागलाय."

तिने गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर त्याची बॅग होती, निळी, रुग्णालयात न्यायची, वरच्या कप्प्यातून सपाता डोकावत होत्या आणि सपातांमध्ये पत्त्यांचा जोड. सभेला येतानाच त्याने ती तिच्या गाडीत टाकून ठेवली होती.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी. वड्या भाजता भाजता शेजाऱ्याचं कोठार आठवलं. तो सूर्य अर्धाच राहिलाय ना. म्हटलं आपण शिडी शोधायला लागलोय, म्हणजे झालं."

"मंगळवारी कळलं आणि आज सांगतोस, गाढवा? मला फोन करायला काय झालं होतं?"

"मंगळवारी आपल्याकडे खाट कुठे होती?" व्हर्लिन म्हणाला. "म्हणून भाजत बसलो. हात गुंतलेले असले की शिडी धरता येत नाही."

आर्लिसने त्याच्या जाकिटाची बटणं लावली, खालून वरपर्यंत, लहानपणी लावायची तशी. चार दिवस हा माणूस एकटा, भट्टीसमोर उभा राहून तग धरून होता, आणि तिने खजुराची वडी खाऊन प्रश्न गिळला होता. तिला त्याला एक चापट मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "वाटेत गर्टीकडून मासे घेऊ, डब्यात. सिस्टरला आवडतात. आणि गाडी मी नाही चालवणार, मला आत्ता वाटतंय की मी उडवू शकेन."

"तू पुढे बसायचंस, पट्टा लावायचास आणि रेडिओला हात लावायचा नाहीस."

"बरं." तो पुढच्या सीटवर बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला, मोकळी मनगटं उलटीसुलटी केली. मग खिडकीतून लेस्टरची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसा म्हणाला, "चल लवकर, आर्ली. खाट रिकामी बघून त्या माणसाला फार वाईट वाटतं गं."

आर्लिसने गाडी सुरू केली आणि तळ्याच्या रस्त्याला लावली.